घरचे आहेत ना?

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. तिदा आमच्या शेजारची. तिने हे मला स्वतःच्या तोंडाने सांगितलंय, आणि ती थापा मारणाऱ्यातली नाही.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. दुपारचे तीन वाजलेले. भर उन्हात.

गांबिया नदीतलं एवढंसं बेट. पडका किल्ला, चार गोरखचिंचा आणि जमिनीखालची ती कोठडी. गुलाम म्हणून विकलेली माणसं जहाजावर चढवेपर्यंत गोरे तिथे कोंबून ठेवायचे.

तिदा सोळा वर्षं नदीकाठच्या हॉटेलच्या पाहुण्यांना तिथे फिरवत होती. गोऱ्यांनी काय केलं ते तावातावाने सांगायची. माणसं पकडून गोऱ्यांना विकणारे आपलेच राजे होते, हे मात्र तिने कधीच सांगितलं नाही.

त्या दिवशी पाहुणे नव्हते. हॉटेलचा मॅनेजर फाल होता आणि तिदाची एकोणीस वर्षांची मुलगी सिबो.

फालला जाहिरातीसाठी फोटो हवा होता. कोठडीत बसलेली मुलगी, पायात साखळी. साखळी प्लास्टिकची, काळा रंग फासलेली.

तिदाचं डोकं फिरलं. ती कोठडीच्या दारात आडवी उभी राहिली.

"साहेब, तुमच्या पोरीला बसवा की आत."

"तिदाबाई, पाच मिनिटांचं काम. एवढं काय मनाला लावून घेता?"

"आई, गप्प बस ना," सिबो म्हणाली. "हॉटेलातली नोकरी पक्की होतेय माझी. तुझ्या रागावर घर चालणार आहे का?"

"उपाशी राहू. पण तू आत जायचं नाहीस."

भांडण चांगलंच पेटलं. आणि तेवढ्यात...

"दुपार बरी गेली ना?"

बाईचा आवाज. तिदाच्या पाठीमागून. आमच्याच मांडिंका भाषेत.

आमच्याकडे कुणी ख्यालीखुशाली विचारली की उत्तर द्यायचंच असतं. हातात काम असो, तोंडात घास असो, भांडण चालू असो. तोंड आपोआप उघडतं.

"बरी गेली," तिदा न वळताच म्हणाली आणि पुन्हा फालवर घसरली. "लाज कशी वाटत नाही तुम्हाला?"

"घरचे आहेत ना?"

"आहेत."

"आई आहे ना?"

"आहे."

"पोरंबाळं?"

"आहेत गं, सगळे आहेत!"

फाल तिच्याकडे बघत राहिला. "कोणाशी बोलताय?"

तिदा थांबली.

सिबो समोर होती. फाल समोर होता. नावाडी खाली होडीत झोपला होता. बेटावर पाचवं माणूस नव्हतं.

फालला काहीच ऐकू आलं नव्हतं. सिबोला मात्र सगळं ऐकू आलं होतं; ती मागे सरकली.

"मग..." आतून आवाज आला, "न्यायला आलीस?"

आणि आत माणसं उठायला लागली.

एक. दोन. मग खूप. भिंतीला हात टेकत, एकमेकांना सावरत... शेवटी सगळी कोठडी उभी राहिल्याचा आवाज. आणि लोखंडाचा खणखणाट.

तिदाने सिबोचा हात धरला आणि ती पळत सुटली.

"उद्यापासून दोघीही तोंड दाखवू नका!" फाल मागून ओरडत होता.

होडी बेटापासून सुटली तशी सिबो रडायला लागली.

"आई, काहीतरी सांगून तरी यायचंस त्या आतल्यांना."

"काय सांगू?" तिदा तिच्यावर खेकसली. "तीनशे वर्षं कोणी न्यायला आलं नाही आणि मीही त्यासाठी आले नाही, हे सांगू? तुमच्याच माणसांनी विकलं तुम्हाला, हे सांगू?"

नावाडी होडी हाकत राहिला.

त्यानंतर तिदाने बेटावर पाऊल ठेवलेलं नाही. आता बाजारात मासे विकते. भीती नाही वाटत, म्हणते. राग येतो. फालचा, त्या राजांचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

परवा मासे साफ करता करता तिने मला विचारलं, "कोठडीतले ते परत खाली बसले असतील का रे?"