सात पुस्तकांचं एकमत

रत्नागिरीच्या ई-ग्रंथागारात भिंतीवरचा पुस्तकांचा आकडा सारखा वाढत होता, आणि संचालिका डॉ. सुलक्षणा खानविलकर त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हत्या. एरवी तो आकडा दाखवल्याशिवाय बाई पाहुण्याला चहासुद्धा विचारत नसत. आज त्यांची नजर चित्रसंवादाच्या पडद्यावर होती. चंद्रावरच्या वसाहतीतून त्यांची मुलगी केतकी बोलत होती.

"आई, रसदयान लांबलंय आणि धान्याला बुरशी लागलीय. बागेत कडू करांद्याचे कंद आहेत, पण ते नीट शिजवले नाहीत तर विषारी. तुमच्या ग्रंथागारात सात जुन्या पुस्तकांत कृती मिळाली. सालं काढून मिठाच्या पाण्यात एक वाफ द्यायची. सातही पुस्तकांत तेच."

सुलक्षणाबाईंचा जीव भांड्यात पडला.

"सातही पुस्तकांत?" मागून संख्याशास्त्रज्ञ मोरेश्वर टिपणीस म्हणाले. "बाई, दोन सुगरणींचं साध्या आमटीवर एकमत होत नाही."

त्यांनी सातही पानं शेजारी शेजारी उघडली. कृती शब्दशः एकच होती. मग त्यांनी मूळ पानांची छायाचित्रं पडद्यावर आणली. सातही पानांवर कृतीच्या जागी वाळवीने खाल्लेलं भोक होतं.

"हे आपल्या पानपूरकाचं काम," टिपणीस म्हणाले. "भोक दिसलं, की बाकीच्या सगळ्या पुस्तकांवरून तिथे बहुधा काय असेल ते तो लिहितो. कंद म्हटलं की बहुतेकांनी वाफच लिहिलेली. एकात भरलं, त्याच्या आधाराने दुसऱ्यात, मग तिसऱ्यात."

"पण भरलेला मजकूर लाल दिसतो ना?"

"दिसायचा. लाल मजकुराचं पुस्तक अनुदान समिती अपूर्ण धरते, आकडेवारीत घेत नाही. मार्चमध्ये तुम्हीच लाल रंग काढायला सांगितलात. आपला पहिला नंबर आला. सत्काराची शाल अजून तुमच्या खुर्चीवर आहे."

बाई झटकन पडद्याकडे वळल्या.

"केतकी, ते खाऊ नका. कोणीच खाऊ नका."

आवाज चंद्रावर जाऊन उत्तर यायला जेमतेम अडीच सेकंद लागतात. तेवढ्यात बाईंनी सगळे देव आठवले.

"आधी एकाने खाऊन बघायचं ठरलं होतं," केतकी म्हणाली. "पुस्तकं तुझी, म्हणून मी खाल्ले. वाटीभर. आई, जीभ बधिर झालीय."

बाईंनी विषतज्ज्ञ डॉ. गव्हाणकरांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. डॉक्टर जुने, शांत स्वभावाचे.

"घाबरू नका. कडू करांदे हल्ली खातं कोण? माझ्याकडे असा रोगी कधी आला नाही. पण उपाय असणारच. थांबा, बघून सांगतो."

"कुठे बघताय, डॉक्टर?"

"कुठे म्हणजे? तुमच्याच ग्रंथागारात." थोडा वेळ फक्त कळा दाबल्याचा आवाज आला. मग डॉक्टर खुशीत म्हणाले, "सापडलं. नशीबवान आहे तुमची मुलगी. नऊ पुस्तकांत अगदी शब्दशः एकच उपाय दिलाय."