सगळे बाण चौकशीकडे

खांद्यावर शिडी, हातात रंगाचा डबा, आणि समोर... पुन्हा तीच चौकशीची खिडकी! भुयारी स्टेशनातून बाहेर पडायची वाट शोधता शोधता ती परत तिथेच येऊन थडकली होती.

"या," खिडकीतला तरुण म्हणाला. "आता चहाच मागवतो."

"माझं काही चुकत नाहीये. तुमचं स्टेशनच वेडंवाकडं आहे."

"वेडं नाही हो, भांडकुदळ आहे." तो खुशीत पुढे वाकला. "दोन कंपन्यांनी बांधलं. एकमेकींचं तोंड बघत नसत. एकीनं नदीकडून खणलं, दुसरीनं बाजाराकडून. गाठ पडली तेव्हा कळलं, एक बाजू वर, एक खाली! मग मध्ये हा तिरका उतार काढून कसंबसं जुळवलं. म्हणून तिकडे हिरव्या फरश्या, इकडे पांढऱ्या, आणि मधोमध मी."

"म्हणजे मध्यस्थ?"

"हो. फक्त स्वतःचं काही जुळत नाही."

ती हसली. डब्यातला पिवळा रंग थेट त्याच्या खिडकीवर सांडला.

आत्याच्या पाट्या रंगवायच्या कारखान्यात ती लहानाची मोठी झाली होती. या स्टेशनच्या दिशादर्शक पाट्या म्हणजे तिच्या एकटीवर सोपवलेलं पहिलं काम. मग काय, माहीत असलेले जिनेसुद्धा ती रोज त्याला विचारायला लागली. तोही दोन वाक्यांचं उत्तर पाल्हाळ लावून द्यायचा. मागची रांग खोकून खोकून दमायची.

एके दिवशी मात्र तो स्वच्छ काच उगाच पुसत बसला होता.

"पाट्या लागल्या की खिडकी बंद," तो हसत म्हणाला, पण हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "मला लाइनीच्या शेवटच्या स्टेशनवर पाठवतायत."

तिच्या हातातला ब्रश जड झाला. पाटी रंगवायची म्हणजे याला इथून घालवायचं...

पाट्या लागल्या. दुसऱ्या दिवशी खिडकीसमोर ही झुंबड! नदीकडचे, बाजाराकडचे, सगळे बाण चौकशीकडे; तिथून बाहेर नेणारा एकही नाही. एक आजोबा फिरफिरून तिथेच येत होते. "अरे बाबा, मला घरी जायचंय. तुला भेटायचं नाहीये!"

स्टेशनच्या साहेबांनी आत्याला बोलावून घेतलं. आत्यानं कमरेवर हात ठेवून आधी पाट्या पाहिल्या, मग खिडकी, मग खिडकीतला मुलगा.

"पाट्या कसल्या, आमंत्रणं रंगवलीस की गं!"

"आत्या, शप्पथ, मुद्दाम नाही! मला सगळं स्टेशन तिथूनच कळलं, म्हणून..."

"हात तुझा, ब्रश तुझा, आणि चूक काय स्टेशनची? उद्यापर्यंत नीट कर. नाहीतर आपल्याला कुणी कुत्र्याच्या घराचीही पाटी देणार नाही."

ती शिडीवर चढली. शिडी धरायला तोच आला.

"हा बाण... डावीकडे?"

"डावीकडे."

"एकदा तरी खोटं सांगा ना!"

"जिभेवर आलं होतं," तो हळूच म्हणाला. "पण आजोबा अजून घरी पोचायचेत."

तिनं बाण वळवले. एकेक करत सगळे. शेवटची पाटी संपली तेव्हा तिच्या नाकावर पिवळा रंग होता आणि पापण्या ओल्या. रंगाचा वास झोंबतो म्हणाली. त्यानंही मान डोलावली... त्याचेही डोळे झोंबत होते म्हणे.

"त्या शेवटच्या स्टेशनवर पाट्या रंगवायच्या असतील ना?" तिनं वरूनच विचारलं.

"एकच फलाट, एकच जिना. पाटी कशाला लागतेय?"

"मग मी कोणत्या निमित्तानं येऊ?"

शिडी जराशी हलली. कुणामुळे, ते दोघांनाही ठाऊक होतं.

"निमित्त नको," तो म्हणाला. "नुसती... ये."

'या' नाही, 'ये'. ती एक पायरी खाली उतरली, मग दुसरी, आणि अगदी त्याच्या समोर येऊन उभी राहिली.

"तिथे बसायला काही आहे का?"

"एक स्टूल आहे."

"बरं," तिनं ब्रश त्याच्या हातात दिला. "मग तू उभा राहा."