तांबड्या मातीवरचा तुटक माग

“चालकाचा हात कच्चा असल्यामुळे आधीच्या फेरीत गाडी वळणावर गरगरली. सबब, चालक अंतिम फेरीस अपात्र.”

बालयान शर्यत समितीचा हा निष्कर्ष. इतका आटोपशीर निष्कर्ष काढण्यासाठी मैदानाकडे न पाहण्याची दीर्घ साधना लागते. समितीचा तपासनीस यंत्रमानव सुस्थिर याने ती निष्ठेने केली होती. नियमानुसार दुरून रेडिओलहरींनी चालवल्या जाणाऱ्या प्रत्येक चिमुकल्या गाडीचे मागचे सस्पेन्शन (चाक व सांगाडा यांना जोडणारी स्प्रिंग आणि दांड्यांची रचना) तोच जुळवी. कार्यशाळेत, काचेच्या टेबलावर.

अंतिम फेरीला तासभर उरला होता.

“आत्या, माझा हात खरंच कच्चा आहे?” दहा वर्षांच्या शर्वरी इंगवलेने रडत विचारले.

तिची आत्या मंदाकिनी वाहनशास्त्रज्ञ होती. ती वळणापाशी उकिडवी बसली. “रडूबाई, आधी तुझ्या गाडीचा माग बघ. वळताना मागची चाकं आतून जातात, म्हणून त्यांचा माग वेगळा उमटतो. बाहेरचा, पुढच्या चाकांचा, कसा आहे?”

“सलग.”

“आणि आतला?”

“तुटक! म्हणजे मागची चाकं हवेत उडत होती?”

“हात कच्चा असता तर माग वाकडा झाला असता. तुटला कशाला असता?”

आत्याने सुस्थिरला बोलावणे धाडले.

“या गाडीला मागची चाके ढकलतात,” तो येईपर्यंत ती शर्वरीला म्हणाली. “टायर मातीला टेकलेला असेल तोवरच घर्षण (दोन पृष्ठभागांची एकमेकांवरची पकड) मिळते. ताठ स्प्रिंग दबत नाही. मग उंचवटा चाकासकट गाडीच उडवतो. मऊ स्प्रिंग उंचवटा पोटात घालते आणि खड्ड्यात चाक खाली रेटते.”

“मग सगळ्यात मऊच लावू!”

“म्हणजे गाडी वळणावर तराफ्यासारखी डुलेल, शहाणे. आणि नुसती स्प्रिंग उसळतच राहील. स्प्रिंगजवळच्या नळीतले, म्हणजे शॉकमधले, तेल बारीक छिद्रांतून जाताना तिला आवरते. तेल फार दाट असेल, तर चाक खाली यायच्या आत पुढचा उंचवटा हजर!”

“माझ्या टेबलावर ही गाडी तसूभरही हलली नव्हती,” मैदानाच्या दारातून सुस्थिर म्हणाला.

“टेबलावर शर्यत कधी आहे?” शर्वरीने विचारले.

तो मैदानात उतरला. त्याची बिनस्प्रिंगची चाके उंचवट्यांवर खडखडू लागली. मान डगडगली, वळणावर तो स्वतःभोवतीच फिरला. थांबल्यावर त्याने शर्वरीच्या गाडीला जरा मऊ स्प्रिंगा बसवल्या, पातळ तेल भरले.

शर्वरीने गाडी सोडली. करंगळीएवढ्या त्या दोन स्प्रिंगा क्षणोक्षणी मातीशी जुळवून घेत होत्या. एवढी नम्रता समितीला वर्षानुवर्षे साधली नव्हती. आतला माग सलग उमटला.

“चंद्रावरच्या खडकांत अशीच गाडी चालेल?” शर्वरीने विचारले.

“तिथे वजन कमी, म्हणून स्प्रिंग आणखी मऊ. किती, ते तू शोध.”

अपात्रता रद्द झाली. अंतिम फेरीपूर्वी ध्वनिक्षेपकावरून सुस्थिर बोलला. त्याचे शब्द जसेच्या तसे:

“मी मैदान न पाहता गाडी जुळवली आणि मैदान न पाहताच मुलीला दोषी ठरवले. कच्चा हात माझा होता.”