ग्लुटामिन नसलेली बाटली

शीतखोलीचं जड दार तिने खांद्याने ढकललं आणि आतून बाहेर येणाऱ्या माणसावर तिचा ट्रे आदळला. बाटल्या किणकिणल्या, फुटलं काहीच नाही.

"माफ करा हं," तो म्हणाला. शेजारच्या प्रयोगशाळेत नुकताच रुजू झालेला संशोधक. गारठ्याने नाक लालबुंद, आणि त्याही अवस्थेत हसू...

तिचं लक्ष मात्र फळीवरच्या रिकाम्या जागेकडे गेलं. "इथली निळ्या झाकणाची बाटली?"

"ती... काल मी नेली. आमची समजून. माझ्या पेशींना त्यातलंच पोषक द्रव घातलंय."

तिने ट्रे फळीवर टेकवला. "त्यात ग्लुटामिन नव्हतं. मी मुद्दाम वगळलेलं."

"म्हणजे बिचाऱ्या कालपासून उपाशी?"

"अर्धपोटी. बाकी सगळं मिळालंय, एक अमिनो आम्ल तेवढं नाही."

रागवायचं म्हणून तिने तोंड उघडलं आणि तशीच थांबली. ग्लुटामिन बंद केलं की माणसाच्या आतड्याच्या पेशीत एरवी झोपलेलं एक जनुक जागं होतं, हे तिने दाखवलं होतं. पण तिच्या मार्गदर्शक सरांनी नकारार्थी मान हलवली होती — "हे आतड्यापुरतंच असेल. दुसऱ्या पेशीत दाखव, मग बोलू." आणि याच्या पेशी होत्या यकृताच्या!

"त्या... मला द्याल? पण तुमचं काम अडेल."

"छे, माझ्याकडे आहेत अजून," तो सहज म्हणाला.

पुढचे काही दिवस दोघं एकाच टेबलावर. त्याच्या पेशींच्या अर्ध्या बशांना तिने ग्लुटामिन परत दिलं, अर्ध्या तशाच ठेवल्या. खिडकीवर पावसाची भुरभुर चालू असायची. बशी उचलताना ती पुटपुटायची, "जमवा हं बायांनो."

"तुम्ही नेहमी पेशींशी बोलता?"

"माणसं ऐकत नाहीत म्हणून."

"मी ऐकतोय की..."

तिने मान वर केली नाही. कानाच्या पाळ्या मात्र तापल्या.

निकाल आला. उपाशी बशांमध्ये ते जनुक टक्क जागं होतं, ग्लुटामिन मिळालेल्यांमध्ये पुन्हा शांत. तिने आनंदाने त्याची बाही घट्ट धरली — आणि लक्षात येताच सोडली. सर खूश झाले. प्रबंधाचं अडलेलं घोडं पुढे सरकलं.

त्याच संध्याकाळी त्याची सहकारी जिन्यात भेटली. "आज आढावा बैठकीत त्याची चांगलीच खरडपट्टी निघाली. दाखवायला पेशीच नव्हत्या. होत्या तेवढ्या तुला दिल्या ना! वेळेवर खाऊ घातलं असतं तर सावरल्या असत्या."

घरी तिला घास उतरेना. वहिनीने ताटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "कोण आहे तो?"

"कोणी नाही गं."

"मग त्या कोणी-नाहीला उद्या भेटून ये. आणि आता दोन घास खा."

सकाळी तो एकटाच गोठवलेल्या कुप्यांमधून नव्या पेशी काढत होता. डोळ्यांखाली काळं, शर्ट चुरगळलेला.

"खोटं बोललात माझ्याशी," ती दारातूनच म्हणाली.

"खरं सांगितलं असतं तर घेतल्या असत्या?"

"नाही."

"म्हणूनच तर." तो कुपीकडे बघत राहिला. "बाटली मी उचलली होती. आणि... तुम्ही त्या पेशी मागताना तुमचे डोळे असे चमकत होते, की मला नाही म्हणवेना."

तिने हातमोजे चढवले आणि स्टूल ओढून ती त्याच्या शेजारी बसली.

"या वाढेपर्यंत रोज येईन मदतीला."

"आणि वाढल्यावर?"

ती त्याच्याकडे वळली.

"वाढल्यावरही येईन. पेशींसाठी नाही... तुझ्यासाठी."

त्याने हातातली कुपी आधी नीट खाली ठेवली. "पुन्हा म्हणा."

"'म्हणा' नाही. 'म्हण'."

"बरं... म्हण ना, पुन्हा एकदा."

आणि ती पुन्हा म्हणाली.