लाल की चंदेरी

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो तोंडानं गाडी चालवत होता.

म्हणजे झालं असं... शिरूरला नगर रस्त्यावर माझ्या हौशीराममामांचं आवार आहे. पुढे ड्रायव्हिंग स्कूल, मागे जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री. स्कूलमध्ये शिकवणारी मी, साधना. ही दोन हजार चार सालची गोष्ट. तेव्हा आमच्याकडे गाडी चालवणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि शिकवणारी मी एकटीच. त्यामुळे शिकायला येणारे बाप्ये पहिले चार दिवस क्लचपेक्षा मलाच जास्त घाबरायचे. त्या गुरुवारी सकाळचा क्लास संपवून मी किल्ली टांगायला मागे गेले, तर लाल टू-सीटरमध्ये एक अनोळखी माणूस बसलेला. गाडीचं छत उघडं, त्याचे डोळे मिटलेले, हात स्टेअरिंगवर. इंजिन बंद. आणि ओठांतून आवाज... घ्रूंऽऽ... मग गिअर बदलावा तसा किंचित थांबून पुन्हा घ्रूंऽऽ.

"तिसऱ्यातच किती ओढताय?" मी म्हणाले. "चौथा टाका आता. इंजिन रडायला लागलंय."

त्यानं डोळे उघडले. दुसरा कुणी असता तर उडी मारून बाहेर पडला असता. याचे फक्त कान लाल झाले.

"टाकला असता," तो शांतपणे म्हणाला, "पण पुढं वळण हाय."

मी हसू दाबायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

त्याचं नाव रविराज. कवठे येमाईचा, बागायतदार घरातला. वडील गेल्यापासून शेती त्याची आई साखरबाई बघायची, आणि गावच्या सोसायटीत तिच्या शब्दापुढे कुणी जायचं नाही. हा सणसवाडीच्या एका कारखान्यात टूलरूमला होता. पाच वर्षं पगारातून बाजूला टाकून त्याला एकच हौस करायची होती. गाडी घ्यायची, ती फक्त चालवायच्या सुखासाठी. भाजी आणायला नाही, वऱ्हाड न्यायला नाही.

आणि तो अडकला होता दोन गाड्यांमध्ये. एक ही लाल... बसकी, दोनच सीटांची, कापडी छत मागे सारलं की डोक्यावर थेट आभाळ. दुसरी शेजारी उभी असलेली चंदेरी. दिसायला घरगुती, पण आधीच्या मालकानं ती रॅलीत पळवलेली. सोळाशे सीसीचं इंजिन, पायाखाली नुसता वारा. पाच माणसं बसतील अशी.

"दोन्ही चालवून बघतो," तो मामांना म्हणाला.

"बघा की," मामा म्हणाले. "पन गाडी एकट्याच्या हातात द्यायची आपल्यात पद्धत न्हाई. आमची साधना शेजारी बसंल."

त्याची सुट्टी गुरुवारी, कारण तिकडचे कारखाने गुरुवारी बंद. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, गाडीची पूजा करून घरी न्यायची, एवढी त्याच्या आईची अट होती. मध्ये चार गुरुवार होते. मी मोजले नव्हते असं म्हणाले तर ते खोटं होईल.

पहिल्या गुरुवारी आम्ही चंदेरी काढली आणि न्हावऱ्यावरून दौंडला निघालो. शिरूर मागे पडलं, दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला, आणि त्यानं अ‍ॅक्सिलरेटर दाबला. पाठ सीटला चिकटली. समोर बैलगाडी दिसली आणि माझा उजवा पाय जोरात खाली आदळला. पुन्हा एक एसटी... पुन्हा पाय. आमच्या स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. तीन वर्षांची सवय, ती थोडीच जाते?

"मॅडम," तो रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाला, "पत्रा फुटंल. तिथं ब्रेक न्हाई."

"ते मला कळतं. पायाला कळत नाही."

"मग पायाला सांगा की... मी सावकाश नेतो."

आणि त्यानं खरंच वेग कमी केला. गाडीची ट्रायल घ्यायला निघालेला माणूस, रिकामा रस्ता, हाताशी एवढं इंजिन, आणि हा माझ्या पायासाठी चाळीसवर आला. मी खिडकीबाहेर बघत बसले. उसाची पाती मला एकाएकी फार सुंदर वाटू लागली.

दौंडला स्टेशनासमोर चहा घेताना त्यानं खिशातून छोटी वही काढली. पिकअप, स्टेअरिंग, ब्रेक, वळणावरची पकड... प्रत्येकाला दहापैकी गुण.

"बोर्डाची परीक्षा आहे का?" मी विचारलं.

"टूलरूमचा माणूस हाय मी. मोजल्याबिगर काय कळत न्हाई."

"मजा कुठल्या रकान्यात मोजता?"

त्यानं वहीचं पान उलटून पाहिलं. मग म्हणाला, "त्यो रकाना राहिलाच."

दुसऱ्या गुरुवारी लाल. तिला चंदेरीची ताकद नव्हती, पण बूड रस्त्याला इतकं लागून की साठचा वेग शंभरासारखा वाटायचा. वळणावर गाडी नुसत्या मनगटानं वळायची. ओल्या मातीचा वास, उसाचा वास, कुठल्यातरी चुलीचा धूर, सगळं थेट अंगावर. माझी वेणी सुटली. त्यानं एकदाच बघितलं, आणि पुढचं वळण चुकवलं... मग आम्ही एका माणसाच्या थेट गोठ्यापाशी जाऊन थांबलो. तिथून मागे घेताना तो गुणगुणत होता. चंदेरीत तो एकदाही गुणगुणला नव्हता. त्याच क्षणी मला उत्तर कळलं.

आणि मी ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर उरलेले गुरुवार कुठून आले असते?

तिसऱ्या गुरुवारी पुन्हा लालच काढली, आणि इनामगावच्या अलीकडे परतीच्या पावसानं गाठलं. छत ओढायला गेलो तर त्याची खिट्टी अडकलेली.

"वेगात ऱ्हायलं की पाऊस डोक्यावरनं जातो," तो म्हणाला, आणि खरंच गेला. काचेवरून उडालेलं पाणी आमच्या डोक्यावरून मागे जात होतं, आणि आम्ही दोघं कोरडे. मला वाटलं, हा रस्ता संपूच नये. दौंड जरा पुढे सरकावं, रोज थोडं थोडं.

पण वळणापलीकडे रस्ताभर मेंढरं होती. दोन-अडीचशे तरी. गाडी थांबली आणि पाऊस आमच्या मांडीत उतरला. त्यानं हॉर्न दाबला.

"अहो, नका..."

उशीर झाला होता. मेंढरू आवाजाला भ्यालं की पळत नाही, एकमेकांना बिलगतं. सगळा कळप गाडीला येऊन चिकटला. एक कोकरू तर बॉनेटवर पुढचे पाय टेकून त्याच्याकडेच बघायला लागलं. बागायतदाराच्या पोराला हे कुठून ठाऊक असणार? मी चपला काढल्या आणि उतरले. माझे वडील, मल्हारीआबा, निम्मं आयुष्य मेंढरांमागे हिंडले. मी दहा वर्षांची असताना कळप विकला आणि घर एका जागी आलं. पण जिभेला विसर पडत नाही. मी टाळूला जीभ लावून आवाज दिला, पुढच्या घुंगरूवाल्या बकरीचा कान धरला आणि रस्त्याच्या कडेनं चालू लागले. ती निघाली तशी बाकीची मागे. मेंढक्या लांबून हात हलवून हसला.

मी परत आले तेव्हा चिखलानं भरले होते. मला वाटलं होतं तो हसेल. तो हसला नाही. गाडीत पाण्यात बसलेला, वही भिजून लगदा झालेली, आणि तो माझ्याकडे असा बघत होता, जसं त्याच्या पाच वर्षांच्या बेतात काहीतरी राहूनच गेलं होतं आणि आत्ता आठवलं.

"गारठाल," एवढंच म्हणाला, आणि स्वतःचा ओला रुमाल पिळून मला दिला. ओला रुमाल! मी तो घेतला आणि परत केला नाही.

चौथ्या गुरुवारी आम्ही चंदेरी घेऊन गेलो, आणि परतताना त्यानं घोडनदीच्या काठाला थांबवली. पाणी संथ होतं, पलीकडे कुणीतरी बैल धूत होतं.

"नवीन वही केली," तो म्हणाला. "चंदेरी बासष्ट, लाल अठ्ठावन्न. पन ते ऱ्हाऊ द्या. मला तुमचं मत पाहिजे. तुमी म्हनाल ती घेतो."

हीच ती वेळ. एकच शब्द होता. पण तो कसा म्हणायचा? लाल घ्या म्हणजे दोन सीटांची घ्या. एकीवर तो... आणि दुसरीवर? मी ते म्हणणं म्हणजे जागा मागितल्यासारखंच होतं. त्यांच्या घरात सोसायटीच्या खुर्च्या, आमच्या घरात अजून घोंगड्यांचा वास. मेंढक्याच्या पोरीनं बागायतदाराच्या पोराला असं सुचवायचं?

"चंदेरी घ्या," मी म्हणाले. "आई बसतील. पाहुणेरावळे बसतील."

"पाव्हण्यांचं सोडा. चालवायला कुठली चांगली?"

"चंदेरीच."

"नक्की?"

"व्हय."

तीन वर्षांत मी कुणालाही चुकीचं शिकवलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा शिकवलं, तेही त्याला. त्यानं मान हलवली, पेनाला टोपण लावलं आणि गाडी सुरू केली. त्याचा चेहरा पडला होता. मी ती रात्र कुशी बदलत काढली.

खंडेनवमीला आवारातल्या सगळ्या गाड्या धुऊन उभ्या होत्या. पान्यांना, जॅकला, माझ्या शिकवायच्या गाडीलाही झेंडूचे हार. रविराज पांढरा शर्ट घालून आला होता. बरोबर साखरबाई, डोक्यावर पदर, नजर अशी की मामांनी आपोआप टोपी सरळ केली. चंदेरीला हार चढला, चाकांखाली लिंबं ठेवली.

"आज दुपारी लाल बी जाईल," मामा खुशीत म्हणाले. "पुण्याचं गिऱ्हाईक येतंय. साधना, कुंकू लाव गं पोरी."

नव्या गाडीवर कुंकवानं स्वस्तिक काढलं की ती त्या माणसाची झाली, अशी आमच्याकडची रीत. मी ताट घेतलं. बोट कुंकवात बुडवलं. समोर चंदेरीचं बॉनेट... आणि त्याच्या बाजूला तो, परक्याच्या लग्नात उभं राहावं तसा उभा. हा माणूस पाच वर्षं थांबला होता. माझ्या लाजेपायी तो आता जन्मभर न गुणगुणता गाडी चालवणार होता. स्वतःचं काय व्हायचं ते होवो, पण हे मला करवेना.

मी वळले. चार पावलं चालून लाल गाडीपाशी गेले आणि तिच्या बॉनेटवर स्वस्तिक काढलं. चार ठिपकेही दिले.

"अगं, ती न्हाई," मामा ओरडले.

"हीच," मी म्हणाले.

रविराज हळूहळू माझ्यापाशी आला.

"गुरुवारी तर चंदेरी म्हणला होता."

"खोटं बोलले."

"का?"

"लाल म्हणाले असते तर... तुम्हाला वाटलं असतं, दुसरी सीट मी मागतेय."

तो थोडा पुढे वाकला. आवाज इतका हलका की ताटातली ज्योतसुद्धा हलली नाही. "आन् मागत न्हाई का?"

मी त्याच्याकडे बघितलं. पळून जायला जागा होती, पण पळावंसं वाटत नव्हतं.

"मागतेय," मी म्हणाले.

त्याचे कान पुन्हा लाल झाले. "मी त्या पावसातच देऊन टाकली," तो म्हणाला. "तुमी चंदेरी म्हणला, तवा वाटलं... नको असंल तुमाला."

मागून साखरबाईंचा आवाज आला. "ह्यात मानसं किती बसत्यात?"

"दोन, आई."

त्यांनी लाल गाडीला सावकाश एक फेरी मारली. मग माझ्यासमोर थांबल्या. "मल्हारीची पोरगी न्हवं तू?"

"व्हय."

"नव्या गाडीनं पयलं गावच्या येमाईच्या दर्शनाला जायचं आसतं."

"व्हय, आई," रविराज पुढे झाला, पण त्यांनी हातानं थांबवलं. डावीकडचं दार उघडलं, पदर सावरला आणि त्या बसक्या गाडीत ऐटीत जाऊन बसल्या.

"पोरी, तू शिकवतीस न्हवं? मग तूच चालव," त्या म्हणाल्या. "ह्यो यील मागनं यष्टीनं."

शिरूर सुटलं तरी मी तिसऱ्या गिअरच्या वर गेले नाही. ऊन कोवळं होतं, कडेला बाजरीच्या पेंढ्या उभ्या होत्या. साखरबाई समोर बघत होत्या, आणि पदर वाऱ्यावर मागे उडत होता. तो त्यांनी दोनदा सावरला, तिसऱ्यांदा सोडून दिला.

"रवीनं घट बसायच्या आदीच सांगितलं हुतं तुझ्याबद्दल," त्या म्हणाल्या. "मी इचारलं, पोरगी काय म्हनती? तर म्हनला, ती काय बोलतच न्हाई. मला वाटलं, घरी जाऊन मागनी घालावी आन् पोरीच्या मनातच नसावं, तर आपलं तोंड काय ऱ्हाईल?"

"आणि आता?" मी रस्त्याकडे बघत विचारलं.

"आता काय. दिवाळी झाली की येते तुझ्या बापाकडं." त्यांनी डोळे मिटले आणि चेहरा वाऱ्याकडे केला. "सावकाश काय चालवतीस गं एवढी? जरा जोरात घे की."

मी घेतली.