सावडीचा आठवा दिवस

पोलादपूरच्या एसटी स्टँडवर मानसी खताची गोण पायाशी ठेवून उभी होती. महाडहून आलेल्या गाडीतून एक पांढऱ्या बुटांचा जीव उतरला तो थेट डबक्यात.

मानसी फिस्सकन हसली.

"हसायला काय झालं?"

"काय नाय. डबकं कालपासून तिथंच हाय. बाकी सगळ्यांना दिसतं."

तोही हसला. "रखमाकाकूंचं घर माहीत आहे? मी तुळसाबाईंचा हृतिक. सावड फेडायला आलोय."

मानसीचं हसू ओठावरच थांबलं. रखमा म्हणजे तिचीच आई! आणि हा... वहाळापलीकडच्या वाडीतला, आठवीपासून मामाकडे मुंबईला राहिलेला, कंप्युटर इंजिनिअर झालेला हृतिक.

सावड म्हणजे आज मी तुझ्या शेतात राबते, उद्या तू माझ्या. त्यात मजुरी नसते. अंगानं घेतलेला दिवस अंगानंच फेडायचा. हा कॉलेजात होता त्या चार वर्षांत तुळसाच्या लावणीला हात कमी पडत. म्हणून मानसी दर पावसाळ्यात दोन दिवस तिकडे वाकायची. झाले आठ दिवस. आता तुळसाची कंबर धरलेली, म्हणून फेडायला पोरगा आला. डिग्री घेऊन वर्ष झालं होतं. नोकरीचा पत्ता नव्हता.

पहिल्याच दिवशी त्यानं रोपं अशी दाट खोवली की रखमा बांधावरून ओरडली, "मेल्या, भात लावतोस की कुंपण घालतोस?"

मानसीनं त्याचा हात धरून अंतर दाखवलं. वीतभर... एवढंच. मग हात सोडायला उगाच उशीर झाला.

आंबेनळी घाटाकडून पाऊस तिरपा यायचा. एकाच प्लास्टिकच्या कागदाखाली दोघं भाकरी खायची.

"इंजिनेर, किती गेले रे तुझ्या शिक्षणाला?"

"सहा लाख. बाबांनी वरचं आंब्याचं रान विकलं."

"आणि मिळालं काय?"

त्यानं चिखलानं भरलेले हात वर केले. "हे... आणि तू."

"मी काय डिग्रीसोबत फुकट मिळते रे?" ती म्हणाली खरी, पण कान तापले होते.

एक गोष्ट मात्र तिनं सांगितली नाही. बारावी सायन्सला तिला चांगले मार्क होते. कंप्युटरलाच जायचं होतं तिलाही. महाडला प्रवेशाचे कागद तपासून घ्यायची शेवटची तारीख आली नेमकी तुळसाच्या लावणीच्या दिवशी. रखमा म्हणाली होती, "सावड मोडली तर उद्या आपल्या शेतात कोण पाय ठेवील गो? तारीख काय, वाढंल." सावड मोडली नाही. तारीखही वाढली नाही. हृतिकच्या शिक्षणाच्या खर्चात सहा लाखांच्या खाली अशी आणखी एक ओळ होती. ती त्याला कुणी दाखवली नव्हती.

सातव्या दिवशी बांधावर त्याचा फोन वाजला. बंगळूरची कंपनी. तीन दिवसांत हजर व्हायचं.

तो आनंदानं ओरडला नाही. तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "मानसी, तू म्हण... नाही जात मी."

'राहा' हा शब्द तिच्या जिभेवर आला होता. पण विकलेलं रान दिसलं, तुळसाची कंबर दिसली, ती महाडची तारीख दिसली. एवढं सगळं एका शब्दात चिखलात घालायचं?

"जा," ती म्हणाली.

"आणि आठवा दिवस?"

"पुढच्या लावणीला येऊन फेड. कोपऱ्यातलं खाचर तुझ्यासाठी ठेवते... आणि दाट लावू नको."

"येणार. तुझी शपथ."

आधी रोज फोन यायचा. मग रविवारी. मग 'मीटिंगमध्ये आहे'.

पुढचा आषाढ आला. सगळी लावणी उरकली, कोपऱ्यातलं खाचर तेवढं पाणी धरून मोकळं.

"रोप पिवळं पडाय लागलं गो," रखमा करवादली. "कुनाची वाट बगतंस?"

"सावड यायची हाय."

तेवढ्यात कमरेच्या पिशवीतला फोन वाजला. सहाशे रुपये आले होते. खाली दोन ओळी: 'आठव्या दिवसाचे. सुट्टी नाही मिळाली, एखादा मजूर लावून घे. सॉरी.'

मजूर. तिनं तो शब्द दोनदा वाचला.

मग हात धुतले, पैसे आले तसे परत पाठवले. महाडच्या त्या तारखेचं सगळं लिहून काढलं... आणि पुसून टाकलं. एवढंच ठेवलं: 'सावडीत पैसे चालत नाहीत. दिवस सोडला.'

ती खाचरात उतरली. रखमानं लेकीचं तोंड बघितलं. पदर खोचून दुसऱ्या बाजूनं उतरली.

"तू कशाला? गुडघे दुखतात ना?"

"दुखू देत. त्या दिवशी तुला महाडला सोडायला हवं होतं मी."

मानसी वाकलेलीच राहिली. पावसात डोळे पुसायची गरज पडत नाही.

रांगा सरळ गेल्या. वीत-वीत अंतरावर, एकही रोप वाकडं नाही. शेवटी बांधापाशी मूठभर रोपं उरली. ती मात्र तिनं दाट खोवली... कुंपणासारखी.