खोटी पाटी

नाक खुपसायची तिला लहानपणापासूनच सवय. आई म्हणायची, "या पोरीला दार दिसलं की आत डोकावल्याशिवाय चैन पडत नाही." पुढे ती सहावीची विज्ञानाची बाई झाली, पण सवय काही सुटली नाही. म्हणून तर वर्गाची सहल न्यायच्या आदल्या दिवशी ती वनस्पती उद्यानात एकटीच येऊन थडकली. मुलांना इथे दाखवतात तरी काय, ते आधी बघायला नको?

पाऊस भुरभुरत होता. एका झाडाच्या आडोशाला ती उभी राहिली. खोडाला बांधलेल्या पाटीवर लिहिलं होतं, 'कापूर'. तिने एक पान उचललं, चुरगाळलं, नाकाशी धरलं... आणि तिच्या भुवया वर गेल्या. ही तर दालचिनी! शेजारच्या झाडाला दालचिनीची पाटी होती आणि पानाला वास कापराचा. आता हे बघून गप्प बसेल तर ती बाई कसली? तिने इकडेतिकडे पाहिलं, दोन्ही पाट्यांच्या दोऱ्या सोडल्या आणि ज्याची पाटी त्याला बांधून टाकली.

"छत्री नाही आणलीत?"

ती दचकून वळली. समोर बागेत काम करणारा एक तरुण: चिखलाने माखलेले बूट, हातात रोपांचा ट्रे आणि डोळ्यांत हसू. त्याने काही पाहिलं नसावं.

"आणली असती तर विचारलं असतंत?" ती बोलून गेली, आणि स्वतःलाच नवल वाटलं.

"फाटकावरच्या वहीत तुमच्या शाळेचं नाव वाचलं. उद्या सहावीचा वर्ग येतोय, तो तुमचाच ना? मुलांना मीच बाग फिरवतो."

"काय दाखवणार आहात?"

"ते आजच सांगितलं, तर उद्या याल कशाला?"

घरी पोचेपर्यंत तिच्या बोटांना दालचिनीचा वास होता. त्या माणसाने उद्यासाठी काय राखून ठेवलं असेल, हा विचार काही डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी मुलं रांगेत उभी राहिली, तशा उद्यानाच्या मुख्य मॅडमही हाताची घडी घालून येऊन उभ्या राहिल्या. तो हळूच तिच्या कानाशी म्हणाला, "मॅडमना माझा खेळ म्हणजे पोरखेळ वाटतो. आज बघून ठरवणार आहेत. फसला, तर उद्यापासून मुलांना नुसत्या पाट्या वाचून दाखवायच्या."

"कसला खेळ?"

तो मुलांकडे वळला. "या बागेत दोन झाडांनी आपली नावं बदलून घेतली आहेत. पाटीवर विश्वास ठेवू नका. बघा, हात लावा, वास घ्या. जो पकडेल त्याने इथे एक रोप लावायचं, आणि त्याला पाटी त्याच्या नावाची!"

तिची नजर झर्रकन कालच्या त्या दोन झाडांकडे गेली. म्हणजे त्या पाट्या... तिने त्याला सांगायला तोंड उघडलं, पण मॅडम त्याच्या अगदी शेजारी उभ्या, आणि मुलं तर केव्हाच पांगलेली. मग बागभर एकच धांदल. कुणी खोडं खरवडतंय, कुणी पानं हुंगतंय. एकाने तर कचरापेटीवरच्या पाटीवरही संशय घेतला. पण शेवटी सगळी हात हलवत परत आली.

"चला, मीच दाखवतो," तो ऐटीत म्हणाला. झाडापाशी जाऊन त्याने पान चुरगाळलं आणि वास घेतला. कापूर. वर पाहिलं. पाटीवरही कापूर. त्याचा चेहरा पडला.

"तुमच्याच पाट्या तुम्हाला सापडेनात?" मॅडम म्हणाल्या. "मग मुलांनी काय शिकायचं?"

त्याने मान खाली घातली. ते मात्र तिला बघवेना.

"त्यांची चूक नाही," ती पुढे झाली. "काल मी येऊन गेले. वास जुळेना, म्हणून... मी पाट्या बदलल्या."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. बाईसुद्धा गोंधळ घालतात! मग दोन वेण्यांची एक मुलगी शांतपणे म्हणाली, "म्हणजे बाईंनीच पकडलं की. रोप बाईंचं."

मॅडमनी ते पान त्याच्या हातातून घेतलं आणि स्वतः हुंगलं. "इतके शिक्षक येतात," त्या म्हणाल्या, "पाटी वाचतात आणि पुढे जातात. पान चुरगाळून बघणाऱ्या तुम्हीच पहिल्या. आणि ही मुलं... झाडांना अशी नाकं लावलेली मी इथे कधी पाहिली नव्हती. चालू ठेवा तुमचा पोरखेळ."

तिने रोप लावलं. त्याने पाटी लिहिली : 'लावणाऱ्या – पाहुण्या बाई'.

"रोप जगलं का, ते लावणाऱ्याने येऊन बघायचं असतं. नियम आहे."

"बागेचा?"

"माझा. आत्ताच केलाय."

मग काय, ती दर रविवारी येऊ लागली. रोपाला नवी पालवी फुटली. तो मुळांबद्दल बोले, मुंग्यांबद्दल बोले, शेवाळाबद्दल तर तासन् तास बोले. मनातलं तेवढं बोलत नसे. त्या मनात काय आहे, हे कुतूहल तिला आता गप्प बसू देत नव्हतं. पण माणूस म्हणजे पान थोडंच, चुरगाळून बघायला?

एका रविवारी तो फाटकातच उभा होता. "आज एक पाटी खोटी आहे. शोधा."

तिने अख्खी बाग पालथी घातली. सगळं जिथल्या तिथे. दमून ती आपल्या रोपाशी टेकली, आणि नजर खाली गेली.

"पाहुण्या बाई," तिने हळू वाचलं. "ही... ही खोटी आहे."

"मला ती कधीचीच खोटी वाटतेय," तो म्हणाला. त्याने हातातला ट्रे खाली ठेवला. "मला तुम्ही आवडता. पाहुणी म्हणून नाही. पण पाट्या बदलायची हिंमत तुमच्याकडेच आहे."

तिचे कान तापले. तिने दोरी सोडली, पाटी उलटी केली. मागची बाजू कोरी होती.

"पेन द्या."

तिने लिहिलं, 'लावणारे – आम्ही दोघं'. आणि दोरीची गाठ अशी आवळली, की पुन्हा कुण्या चौकस बाईला ती सुटू नये.